मे महिन्यात पाय जड होतात ते कशाने?

२७ एप्रिल २०२५ला लिव्हरपूलने आपल्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर टॉटनहॅमचा ५-१ असा फडशा पाडला आणि चार सामने बाकी असतानाच प्रीमियर लीगचं जेतेपद पक्कं केलं. पुढच्या चार सामन्यांचा हिशेब असा: चेल्सीकडून १-३ हार, आर्सेनलशी २-२ बरोबरी, ब्रायटनकडून २-३ हार आणि शेवटच्या दिवशी क्रिस्टल पॅलेसशी १-१. ज्या संघाने हंगामभर साऱ्या इंग्लंडला मागे टाकलं, त्याला मे महिन्यात एकही सामना जिंकता आला नाही.

‘थकले बिचारे’ हे यावरचं पहिलं उत्तर. नऊ महिन्यांचा हंगाम, पन्नासच्या वर सामने, मध्येच देशाकडून खेळायचं ते वेगळंच. थकणारच की! पण तारखा समोर मांडल्या की हे उत्तर डळमळतं. लिव्हरपूल फेब्रुवारीत एफए कपमधून बाहेर पडलं, ११ मार्चला पॅरिस सेंट-जर्मेनने त्यांना चॅम्पियन्स लीगमधून घालवलं आणि १६ मार्चला ते लीग कपचा अंतिम सामना हरले. त्यानंतर २७ एप्रिलपर्यंतच्या सहा आठवड्यांत क्लबचे सामने किती? पाच. काही खेळाडू मार्चअखेर आपापल्या देशांकडून खेळले, हे खरं. तरीही त्या मोसमात त्यांना इतकी उसंत क्वचितच मिळाली असेल. म्हणजे थकवा होता तेव्हा ते लीगमध्ये जिंकत होते आणि विश्रांती मिळाल्यावर, जेतेपद हातात पडल्यावर, जिंकायचे थांबले.

याच क्लबचा तीन वर्षांपूर्वीचा हंगाम शेजारी ठेवून बघा. २०२१-२२मध्ये युर्गेन क्लॉपच्या लिव्हरपूलने जेवढ्या स्पर्धांत भाग घेतला, त्या प्रत्येकीत अगदी शेवटचा सामना खेळला. लीगचे ३८, चॅम्पियन्स लीगचे १३, एफए कपचे ६, लीग कपचे ६, मिळून ६३. लिव्हरपूलला त्या हंगामात याहून एकही सामना जास्त खेळणं शक्य नव्हतं. दोन्ही देशी कपांचे अंतिम सामने चेल्सीविरुद्ध १२० मिनिटं गोलशून्य राहिले आणि पेनल्टी शूटआउटवर जिंकावे लागले. सादिओ माने आणि मोहम्मद सलाह तर फेब्रुवारीत कॅमेरूनमध्ये आफ्रिका चषकाचा अंतिम सामना एकमेकांविरुद्ध खेळून परतले होते. सलाहच्या इजिप्तचे त्या स्पर्धेतले शेवटचे चारही सामने जादा वेळेत गेले. एवढं सगळं अंगावर असताना हा संघ लीगमध्ये जानेवारीपासून मेअखेरपर्यंत एकदाही हरला नाही. ६३ सामन्यांत पराभव फक्त चार. जेतेपद एका गुणाने हुकलं, तेही शेवटच्या दिवशी मँचेस्टर सिटीने अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध दोन गोलांनी मागे असताना पाच-सहा मिनिटांत तीन गोल केले म्हणून. पॅरिसच्या अंतिम सामन्यात रियाल माद्रिदचा गोलरक्षक थिबो कोर्त्वा याने नऊ फटके अडवले नसते, तर तो कपही आला असता.

२०२५चा, ५६ सामन्यांचा संघ मेमध्ये ढेपाळला आणि ६३ सामन्यांचा शेवटच्या शिटीपर्यंत पळत राहिला. फरक पायांत कमी, समोर काय उरलं होतं यात जास्त. हंगामाच्या शेवटी दिसणारी मरगळ आपण सरसकट शरीराच्या खात्यात टाकतो, तिचा मोठा हिस्सा मनाच्या खात्यातला असतो. शरीराचा खरा थकवा असतोच, पण तो प्रेक्षकांच्या गॅलरीतून सहसा दिसत नाही. तो उशिरा, भलत्याच वेळी समोर येतो.

आधी शरीराचं पाहू, कारण तिथली मोजमापं पक्की आहेत.

नव्वद मिनिटांत गोलरक्षक सोडून इतर खेळाडू साधारण १० ते १३ किलोमीटर पळतात. ते अंतर एकसलग, एका चालीने कापलेलं नसतं. थांबणं, वळणं, उडी, धक्का आणि मधूनमधून जीव तोडून मारलेली धाव यांची ती भेळ असते. या धावांना लागणारं इंधन म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, ग्लायकोजेन. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी सामना संपल्यावर खेळाडूंच्या मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले, तेव्हा जवळपास निम्मे स्नायुतंतू ग्लायकोजेनच्या बाबतीत पूर्ण किंवा बहुतांशी रिते झालेले आढळले. हा साठा भरून यायला दोन ते तीन दिवस लागतात, तेही भरपूर भात, पास्ता, बटाटा पोटात गेला तर. त्याशिवाय झटक्यात थांबताना आणि वळताना स्नायूंना सूक्ष्म इजा होतात. त्यांची रक्तातली खूण म्हणजे क्रिएटिन कायनेज हे द्रव्य. तेही पूर्ववत व्हायला ७२ तासांच्या आसपास लागतात. रात्री आठचा सामना, नंतर मुलाखती, विमान, पहाटे तीनला घर आणि अंगात अजून सामन्याची धग. झोप कुठली लागायला!

बुधवार-शनिवार असे सामने लागले की हे ७२ तास पुरे होत नाहीत. मग खेळाडू कमी पळतो का? इथे एक चक्रावणारा निष्कर्ष आहे. फ्रान्सचे ग्रेगरी ड्युपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या युरोपीय क्लबचे खेळाडू तपासून २०१०मध्ये आपले आकडे प्रसिद्ध केले. आठवड्यात दोन सामने खेळणाऱ्यांनी कापलेलं अंतर आणि मारलेल्या वेगवान धावा, एक सामना खेळणाऱ्यांपेक्षा कमी भरल्या नाहीत. दुखापती मात्र दर हजार तासांमागे ४.१वरून २५.६वर गेल्या. सहापट! म्हणजे थकलेला खेळाडू थकलेला दिसत नाही, तो पळतच राहतो आणि एक दिवस मांडी धरून खाली बसतो. ‘आज पाय ओढतोय’ असं टीव्हीपुढे बसून ठरवणारे आपण सगळे, मीही त्यातलाच, बहुतेक वेळा भलतंच काहीतरी पाहत असतो.

पेद्रीचं उदाहरण स्पेनमध्ये अजून दिलं जातं. अठराव्या वर्षी हा पोरगा २०२०-२१च्या हंगामात बार्सिलोना आणि स्पेन मिळून ७३ सामने खेळला. लीग संपली की युरो, युरो संपला की टोकियो ऑलिंपिक, तिथे ७ ऑगस्टला अंतिम सामना आणि लगेच बार्सिलोनाचा नवा हंगाम. सगळ्यात गंमत म्हणजे या मोसमाच्या शेवटी त्याचा खेळ खालावला नव्हता. युरोमधला सर्वोत्तम तरुण खेळाडू तोच ठरला. वसुली पुढच्या वर्षी झाली: मांडीच्या दुखापती पुन्हा पुन्हा उलटत राहिल्या आणि बार्सिलोनाच्या निम्म्याहून अधिक सामन्यांत तो बाहेर बसला. लिव्हरपूलचंही थोडंफार तसंच. ६३ सामन्यांनंतरच्या हंगामात त्यांचे गुण ९२वरून ६७वर घसरले आणि ते पाचवे आले. माने निघून गेला होता, मधली फळी वयाने वाढली होती, ही कारणं खरीच. पण आधीच्या वर्षाची उधारी त्यात धरली नाही, तर हिशेब जुळत नाही.

या विषयावरचं सर्वांत मोठं सार्वजनिक प्रात्यक्षिक पाहायचं तर २००२च्या विश्वचषकाकडे जायला हवं. गतविजेता फ्रान्स सोलमध्ये सेनेगलकडून ०-१ हरला, उरुग्वेशी ०-० अशी बरोबरी झाली, डेन्मार्ककडून ०-२ हार. तीन सामने, एकही गोल नाही, थेट घरी. या संघात त्या वर्षी इंग्लंडच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा थिएरी ऑन्री होता, इटलीच्या लीगमध्ये संयुक्त अव्वल असलेला दाविद त्रेझेगे होता आणि फ्रान्सच्या लीगमध्ये संयुक्त अव्वल असलेला जिब्रिल सिसेही होता. तीन देशांचे गोलसम्राट एका ड्रेसिंगरूममध्ये आणि पाटी कोरी. झिनेदिन झिदान १५ मे रोजी ग्लासगोत रियाल माद्रिदसाठी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात आपला तो प्रसिद्ध गोल मारून आला होता. अकरा दिवसांनी, दक्षिण कोरियाशी सराव सामना खेळताना त्याची मांडी दुखावली. तिसऱ्या सामन्यात पट्ट्या बांधून तो उतरला, पण तोवर उशीर झाला होता.

स्वीडनचे डॉक्टर यान एक्स्ट्रांड यांनी युरोपातल्या अकरा मोठ्या क्लबांमधून त्या विश्वचषकाला गेलेल्या ६५ खेळाडूंची छाननी केली. स्पर्धेआधीच्या दहा आठवड्यांत कोण किती खेळला, हे त्यांनी मोजलं. अपेक्षेपेक्षा चांगले खेळलेल्यांनी त्या काळात सरासरी ९ सामने खेळले होते, अपेक्षेपेक्षा वाईट खेळलेल्यांनी १२.५. आठवड्याला एकाहून जास्त सामने खेळलेल्यांपैकी ६० टक्के खेळाडू विश्वचषकात एक तर जायबंदी झाले किंवा आपल्या लौकिकाला उतरले नाहीत. फरक फक्त साडेतीन सामन्यांचा, पण तो एप्रिल-मे महिन्यांतला. हंगामाच्या शेवटी जे जेतेपदासाठी झुंजतात, त्यांचेच सामने वाढतात. सर्वांत चांगल्या क्लबांचे सर्वांत चांगले खेळाडू सर्वांत दमलेले असतात, आणि तेच पुढे देशासाठी खेळायला उतरतात.

आता डोक्याकडे वळू. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात सामुएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना एकदा नव्वद मिनिटं संगणकापुढे डोकं शिणवणारं काम दिलं. दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ रेल्वे आणि मोटारींवरचे माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर सायकलवर बसवून दम संपेपर्यंत पेडल मारायला लावलं. माहितीपट बघून आलेले सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं शिणवून आलेले ६४०. हृदय, फुप्फुसं, स्नायू यांच्या मोजमापांत दोन्ही वेळांत असा काही फरक नव्हता, ज्यामुळे ही घट समजावी. बदलली होती एकच गोष्ट: तेवढंच काम त्यांना जास्त जड वाटत होतं. जड वाटलं की माणूस आधी थांबतो. पुढे फुटबॉलपटूंवर असाच प्रयोग झाला. रंगांची नावं भलत्याच रंगात लिहून अक्षरांचा रंग ओळखायला लावायचा, अर्धा तास. त्यानंतर पळण्याच्या चाचणीत ते लवकर थांबले आणि पास व नेम दोन्हींत जास्त चुकले.

आता नऊ महिने रोज डावपेचांच्या बैठका, प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती, मोबाइलवर शिव्या, कराराची बोलणी, बाकावर बसवलं जाण्याची धास्ती, असं डोक्यात चालू असलेला माणूस एप्रिलमध्ये मैदानात उतरतो तेव्हा तोच पास त्याला किती जड वाटत असेल, याचा अंदाज बांधता येतो. प्रयोग तासा-दीड तासाचे होते आणि हंगाम महिन्यांचा असतो, त्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्यावर थेट डकवता येत नाही. पण दिशा कळते. शरीर किती देऊ शकतं आणि डोकं किती देऊ देतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅरेथॉनमध्ये शेवटच्या किलोमीटरला लोक वेग वाढवतात, ते याच अंतरामुळे. स्नायू खरोखर संपले असते तर वेग आला कुठून? महिनाअखेरीला घरची बाई जसा हात राखून खर्च करते, तसं डोकं जोर वापरतं. पुढे काय यायचंय आणि त्याचं मोल काय, हे बघून.

म्हणूनच ‘आता खेळायचं कशासाठी’ या प्रश्नाचं उत्तर संपलं की पायांतला जोर ओसरतो. लिव्हरपूलचा मे २०२५ हा तोच प्रकार. शिवाय प्रशिक्षक आर्ने स्लॉटने चेल्सीविरुद्ध बरेच बदल करून राखीव खेळाडूंना संधी दिली होती, तेही निकालात धरायला हवं. पण मग दुसरे विजेते काय करतात? आर्सेनलनेही २५ एप्रिल २००४ला, नेमके चार सामने बाकी असताना, जेतेपद पक्कं केलं होतं. त्यांनी पुढे दोन सामने बरोबरीत सोडवले, दोन जिंकले आणि हरले एकही नाही. कारण त्यांच्यापुढे आणखी एक लक्ष्य शिल्लक होतं: अख्खा हंगाम अपराजित राहण्याचं. मँचेस्टर सिटीने एप्रिल २०१८मध्ये पाच सामने राखून लीग जिंकली, तेव्हा १०० गुण कुणीच गाठलेले नव्हते. त्या पाचांपैकी त्यांनी चार जिंकले आणि शंभरावा टप्पा शेवटच्या सामन्याच्या ९४व्या मिनिटाला गाब्रिएल जेजूसच्या गोलने गाठला. २०२४मध्ये बायर लेव्हरकुझेनने पाच सामने आधी जर्मन लीग जिंकली आणि तरीही तिथे अपराजित राहून दाखवलं. दमणूक या तिन्ही संघांचीही होतीच. त्यांना पळायला एक निमित्त होतं इतकंच.

याची उलटी बाजू टॉटनहॅमने त्याच २०२५च्या वसंतात दाखवली, आणि मला तर ती सर्वांत बोलकी वाटते. त्या वर्षी खालच्या श्रेणीत जाणारे तिन्ही संघ २६ एप्रिललाच ठरले. साउदॅम्प्टनचा निकाल तर सात सामने आधीच लागला होता. म्हणजे टॉटनहॅम लीगमध्ये कितीही हरलं तरी त्यांना भीती नव्हती, आणि वर सरकून काही मिळण्यासारखंही नव्हतं. ते लीगमध्ये २२ सामने हरले आणि सतराव्या जागी संपले. त्याच आठवड्यांत, त्याच संघाने, युरोपा लीगमध्ये फ्रँकफर्टला त्यांच्या घरी नमवलं, बूडो-ग्लिम्टला हरवलं आणि २१ मे रोजी बिलबाओत मँचेस्टर युनायटेडवर १-० मात करून २००८नंतरचा पहिला चषक जिंकला. प्रतिस्पर्धी युनायटेड लीगमध्ये पंधरावं होतं, त्यांचीही तीच गत. गुरुवारी सिंह आणि रविवारी शेळी. संघ दोन्ही दिवशी तोच होता.

गुणतालिकेच्या मधल्या भागातल्या संघांचं दुखणं आणखी साधं आहे. वर चढणं अशक्य, खाली घसरणं अशक्य. प्रीमियर लीगमध्ये दर पायरीमागे सुमारे ३० लाख पौंडांचा फरक पडतो, पण तो क्लबच्या तिजोरीत. बाराव्याऐवजी अकराव्या जागेसाठी पोटरी पणाला लावायला सांगणं सोपं नाही, त्यातही ज्याचा करार ३० जूनला संपतोय आणि नवा क्लब आधीच ठरलाय अशा गड्याला. विश्वचषकाचं वर्ष असलं की हातचं राखून खेळणं आणखी वाढतं. कोणी ते कबूल करत नाही.

सामने थोडे असूनही माणूस मनाने कसा गळतो, हे आपल्या जवळच, गोव्यात, पाहायला मिळालं. करोनाच्या काळात इंडियन सुपर लीगचे सलग दोन हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान या तीनच ठिकाणी झाले. २०२०-२१मध्ये ११ संघ नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हॉटेलांत कोंडलेले, हॉटेल ते मैदान आणि मैदान ते हॉटेल. घरचं कोणी नाही, गॅलरीत प्रेक्षक नाहीत, फातोर्ड्याचा तो गजर नाही. अंतिम फेरी गाठणाऱ्या संघालाही तेव्हा २३च सामने खेळायचे होते. इंग्लंडच्या मानाने काहीच नाही. पण महिनोन्महिने तीच खोली, तोच जेवणाचा हॉल आणि तीच तोंडं. हा शीण अंगावर बांधलेल्या यंत्रांत उमटत नाही. पुढच्या हंगामात, जानेवारी २०२२मध्ये, विषाणू त्या कडेकोट कुंपणातही शिरला आणि सामने पुढे ढकलून खेळाडूंना खोल्यांत बंद राहावं लागलं. तिथेही निमित्ताचा नियम लागू पडलेला दिसतो. २८ फेब्रुवारी २०२१ला साखळीच्या शेवटच्या दिवशी मुंबई सिटीला साखळीतल्या अव्वल संघाला मिळणाऱ्या शील्डसाठी मोहन बागानवर विजय हवाच होता. दोन्ही संघांचे गुण ४० झाले, २-० अशा त्या विजयाने शील्ड मुंबईकडे आली आणि दोनच आठवड्यांनी अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला गोल करून कपही आणला.

एफसी गोवाच्या वाट्याला मात्र दोन्ही प्रकारचे थकवे एकामागोमाग आले. त्या कोंडवाड्यातून, उपांत्य फेरीत मुंबईकडून शूटआउटवर हरून ते निघाले आणि एप्रिलमध्ये पुन्हा फातोर्ड्यावरच आशियाई चॅम्पियन्स लीग खेळायला उतरले. तिच्या गटसाखळीत खेळणारा हा पहिलाच भारतीय क्लब. १४ ते २९ एप्रिल, दर तिसऱ्या दिवशी एक, असे सहा सामने, गोव्याच्या एप्रिलमधल्या घामट हवेत. अल-रय्यान आणि अल-वाहदा या बलाढ्य संघांशी पहिल्या दोन्ही सामन्यांत ०-०. तिसऱ्यात इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध आघाडी घेऊन १-२ अशी हार, चौथ्यात त्यांच्याकडूनच ०-४. पर्सेपोलिस मातब्बर होतं, त्यामुळे सगळं थकव्यावर ढकलणं बरोबर नाही. तरी पहिल्या सामन्यातला बचाव आणि चौथ्यातला बचाव आठवला की ७२ तासांचा अर्थ कळतो. एरवी भारतीय फुटबॉलचं दुखणं नेमकं उलटं आहे: आपल्या खेळाडूंना वर्षात खेळायला पुरेसे सामनेच मिळत नाहीत.

पुन्हा मनाच्या थकव्याकडे. पेर मेर्टेसाकर हा जर्मनीचा उंचापुरा बचावपटू देशासाठी १०४ सामने खेळला आणि २०१४चा विश्वचषकही त्याच्या नावावर आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर, मार्च २०१८मध्ये, ‘डेर श्पिगेल’ साप्ताहिकाला त्याने मोकळेपणाने सांगितलं की सामन्याआधी त्याला ओकाऱ्या यायच्या, पोट बिघडायचं आणि विश्रांती हवी तर दुखापत होणं हाच एक मार्ग उरायचा. २००६च्या विश्वचषकात, मायदेशात, उपांत्य फेरीत इटलीकडून हरल्यावर त्याला दुःख झालंच, पण त्याहून मोठी भावना होती ती संपलं एकदाचं या सुटकेची. जर्मनीत यावर बराच गदारोळ झाला. लाखो युरो कमावणाऱ्याने तक्रार कशाला करावी, हा प्रश्न आपल्याकडेही लगेच विचारला गेला असता. पगाराने ग्लायकोजेन भरून येत नाही आणि ओकारीही थांबत नाही, एवढंच त्यावर म्हणता येईल. दमणूक बाकाजवळ उभ्या माणसालाही सोडत नाही: क्लॉपने जानेवारी २०२४मध्ये लिव्हरपूल सोडण्याचं जाहीर केलं, तेव्हा अंगातली शक्ती संपत चालल्याचंच कारण दिलं होतं.

उपाय काय आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हिवाळी सुट्टी हा त्यातला एक. ज्या संघांना ती मिळत नाही, ते दर हंगामात दुखापतींपायी सरासरी ३०३ खेळाडू-दिवस जास्त गमावतात, असं एक्स्ट्रांड यांच्याच गटाने २०१९मध्ये दाखवलं. इंग्लंडने त्या सुमाराला छोटीशी सुट्टी सुरू केली आणि २०२४-२५पासून बंदही करून टाकली. तीनऐवजी पाच बदली खेळाडूंची मुभा २०२०च्या साथीत तात्पुरती आली, २०२२मध्ये कायम झाली. क्लाउदिओ रानिएरीने २०१५-१६मध्ये लेस्टरच्या खेळाडूंना आठवड्यातले दोन दिवस पूर्ण मोकळे दिले. युरोपात खेळायचं नव्हतं, दोन्ही कपांतून लवकर बाहेर, त्यामुळे अख्ख्या हंगामात ४३च सामने. बाकीचे मे महिन्यात धापा टाकत असताना लेस्टर विजेतं झालं. या हंगामाला चमत्कार म्हणायची पद्धत आहे. मला त्यात वेळापत्रकाचा वाटा बराच मोठा दिसतो.

वेळापत्रक मात्र फुगतच चाललं आहे. २०२४पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात सहाऐवजी आठ सामने झाले. २०२५च्या उन्हाळ्यात ३२ संघांचा क्लब विश्वचषक आला. त्यात सिनसिनाटीच्या उकाड्यात डॉर्टमुंडच्या राखीव खेळाडूंनी पहिला अर्धा वेळ बाकावर न बसता ड्रेसिंगरूममधून सामना पाहिला. २०२६च्या विश्वचषकाचे संघ ३२वरून ४८ झाले आणि सामने १०४. सप्टेंबर २०२४मध्ये मँचेस्टर सिटीच्या रोद्रीने जाहीरपणे सांगितलं की खेळाडू संपाच्या जवळ पोचले आहेत. पाच दिवसांनी आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. खरं तर ती दुखापत कॉर्नरच्या वेळी झालेल्या झटापटीतली होती, तिचं खापर थकव्यावर फोडायला पुरावा नाही. ऑक्टोबरमध्ये खेळाडूंच्या जागतिक संघटनेची युरोप शाखा आणि युरोपातल्या लीग मिळून फिफाविरुद्ध युरोपीय आयोगाकडे गेल्या. जुलै २०२५मध्ये फिफाने दोन सामन्यांत किमान ७२ तास आणि हंगामाअखेर किमान २१ दिवस सुट्टी असावी यावर सहमती झाल्याचं सांगितलं. ज्या बैठकीत हे ठरलं, तिला खेळाडूंच्या त्या जागतिक संघटनेला बोलावलंच नव्हतं.

ही घोषणा झाली त्याच सुमारास, १३ जुलैला, पॅरिस सेंट-जर्मेन न्यूजर्सीत क्लब विश्वचषकाचा अंतिम सामना चेल्सीकडून ०-३ असं हरलं. सहा आठवड्यांपूर्वी याच संघाने चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इंटर मिलानला ५-० असं लोळवलं होतं. बरोबर महिन्याने, १३ ऑगस्टला, त्यांना उदिने इथे युरोपियन सुपर कप खेळायला उतरावं लागलं, समोर मेअखेरीसच हंगाम संपवलेलं टॉटनहॅम. ८५व्या मिनिटापर्यंत ते ०-२ मागे होते. मग ली कांग-इनचा गोल, भरपाई वेळेत गोन्सालो रामोसचा गोल, आणि शूटआउटवर कप पॅरिसला. तीन आठवड्यांनी, ५ सप्टेंबरला, युक्रेनविरुद्ध फ्रान्ससाठी खेळताना त्यांचे उस्मान डेम्बेले आणि देझिरे दुए हे दोघे एकाच सामन्यात जायबंदी झाले. एकाची मांडी, दुसऱ्याची पोटरी. २२ सप्टेंबरला डेम्बेलेला बॅलन डी’ऑर मिळाला, तेव्हा त्याचं नाव अजून जायबंदींच्या यादीतच होतं.